भागरता मावशीचं बोलणं

कोंढा गाव मागे पडलं आणि गाडीच्या खिडकीतून तणसाचा वास आत आला. नुकतं कापलेलं धान, भाताच्या बांध्यांच्या तळाशी उरलेली ओल, कडेच्या धुऱ्यांवर वाळत टाकलेल्या पेंढ्या. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या एका मुलीने हा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा नाकाला पदर लावला होता. मग हळूहळू तो तिच्या केसांत, उशीत, दुपारच्या डब्यात जाऊन बसला, आणि बदली होऊन ती दूर गेली तेव्हा दिवाळीच्या पुढेमागे उगाचच खिडकीत येऊन उभी राहू लागली.

"बाई, काच लावू का? धूळ येते आहे," पुढच्या सीटवरून कुसुमने विचारलं.

"राहू दे गं."

किती स्वच्छ बोलते ही! 'येते आहे.' एकाही शब्दाचा काठ तुटलेला नाही. कुसुम माझी विद्यार्थिनी, माझ्या पहिल्या शाळेतली. आता तीच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे, केस माझ्याइतकेच पांढरे. दिवाळी सरली की इकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, लेकी माहेरी येतात. कुसुमचं माहेर म्हणजे आता भाच्याचं घर; तरी ती मंडई चुकवत नाही. या वर्षी तिने फोन केला. "बाई, चला ना माझ्याबरोबर. गाव पाहून किती वर्षं झाली तुम्हाला!"

नाही म्हणायला माझ्याजवळ कारण होतं. ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. वडील जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला. आमचं मूळ साताऱ्याकडचं, त्यामुळे क्वार्टरच्या चार भिंतींत आईने तिकडची भाषा, तिकडची भाकरी आणि तिकडचा तोरा जपलेला. मास्तरकीचा कोर्स संपला आणि पवनी तालुक्यातल्या या गावी माझी नेमणूक झाली. कोर्सला शिकवणारे आमचे सर म्हणायचे, वाणी शुद्ध तर विचार शुद्ध. ते वाक्य मला वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं लागलं नव्हतं, इतकं ते मला पाठ होतं.

बसमधून उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चाललेली बाई मागे वळून सारखी बोलत होती. रस्त्यावरच्या चिखलाशी बोलत होती, आडव्या आलेल्या म्हशीशी बोलत होती, मधेच माझ्याशीही बोलत होती.

"सांभाळून या जी बाई, इथंसा घसरते. तुमची खोली मी सारवून ठेवली. एकटं वाटन, पन भेवाचं काई काम नाही. मी हावो ना."

ती भागरता. कुसुमची माय. तिच्या घराच्या छपरीला लागून असलेली खोली मला राहायला मिळाली होती. गाव तिला भागरताबाई म्हणायचं. मी मावशी म्हणू लागले.

मावशी बोलायची, याचा अर्थ आजच्या माणसाला कळणार नाही. सकाळी कोंबड्या सोडताना त्यांच्या खोड्यांची उजळणी व्हायची. चूल धुपली की चुलीला विचारणा व्हायची, "काहून वं, आज तुह्या मनात काय हाये?" वासराला दटावणं, पावसाला टोमणे, जात्याला शाबासकी. नवरा मुलखाचा मितभाषी. तो जेवायला बसला की ती त्याचेही संवाद स्वतःच म्हणायची, आणि तो खाली मान घालून हसत भात कालवायचा. कवेलूंच्या छपराच्या त्या घरात भिंतीला कान लावायची गरज नव्हती. सगळं घर तिच्या आवाजातच राहत होतं. पहिल्याच महिन्यात मला ताप भरला. ग्लानीत मला शब्द कळत नव्हते, फक्त तो आवाज कळत होता. कपाळावरची ओली घडी बदलत ती माझ्या तापाला शिव्या घालत होती. माझ्या आईने रात्रंदिवस उशाशी बसून माझी सेवा केली असती, पण तापाशी भांडली नसती.

मला तेव्हा वाटलं, किती चांगली बाई आहे. बोलणं तेवढं गावंढळ.

शाळेत दोन खोल्या होत्या. मोठी मुलं गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी पानी पेऊन येतो?"

"येतो?" मी विचारलं. "तू मुलगा आहेस का?"

वर्गाला आधी कळलंच नाही. इकडे मुलीही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, त्यांच्या आया-आज्या तसंच म्हणत आल्या. मग मी हसले, म्हणून ती मुलंही हसली. उठलेली मुलगी पाणी न पिता खाली बसली.

पुढे ती माझी रीतच झाली. कुणी 'मले' म्हटलं की मी कानाला हात लावायचे. "काय म्हणालास? पुन्हा सांग बरं." तो पुन्हा सांगायचा, वर्ग हसायचा, तो 'मला' म्हणेपर्यंत हसत राहायचा. छडी मी कधी हातात घेतली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. गुरुजी एकदा पान लावता लावता म्हणाले, "बाई, आदी त्याईले बोलू द्या. सुद्द मंग होईल." स्वतः गुरुजीच 'सुद्द' म्हणतात, हे मी आईला पत्रातून हसत कळवलं.

रोवणीच्या दिवसांत शाळा ओस पडायची. एकदा मी छत्री घेऊन मुलांना बोलवायला बांध्यांवर गेले. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांची ओळ, मुठीत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या, पाण्यात पडलेलं ढगांचं राखी आभाळ. मावशी एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या ती उचलून पुढे न्यायच्या. गाण्यात ती कुणाच्या सासूची, कुणाच्या जावयाची, ऐनवेळी सुचेल ती खोडी घालायची आणि ओळीच्या ओळ हसून कोलमडायची. चौथीतली कुसुम तिच्या शेजारी वाकून रोवत होती. आईच्या ओळीला तीही तशीच ओळ जोडत होती, तितक्याच झटक्यात. मला बांधावर पाहून मात्र ती गप्प झाली आणि चिखलाचे हात पाठीमागे लपवले.

"गा ना," असं मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "कुसुम, उद्यापासून शाळेत ये."

ती आली. ती आली आणि मला शिक्षक असण्याचं सुख कळलं. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. दसऱ्यापर्यंत तिच्या जिभेवर 'ण' आला, 'मला' आलं. थंडीत ती माझ्यासारखी बोलू लागली, अगदी माझे हेल घेऊन. वाक्य संपताना मी मान किंचित तिरपी करायचे, तीही करू लागली. संध्याकाळी आम्ही दोघी छपरीत कंदिलाजवळ बसायचो; ती वाचायची, मी ऐकायचे. आत चुलीपाशी मावशी तेवढा वेळ आवाज खाली करायची. "पोरगी वाचून राहिली," असं कोंबड्यांनाही बजावायची. तपासणीला साहेब आले, त्यांनी कुसुमला उभं केलं आणि तिची उत्तरं ऐकून मला म्हणाले, "ही इथली वाटतच नाही हो." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी होती. त्या वाक्यात काय होतं, ते तेव्हा मला ऐकू आलं नाही.

घरात 'माय'ची 'आई' कधी झाली, ते मला आठवत नाही. एका सकाळी तशी हाक ऐकू आली एवढंच. मावशी जरा थांबली होती, मग हाकेला गेली.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या अंगणात कार्यक्रम होता. कुसुम तालुक्याला भाषणात पहिली आलेली. तिचा सत्कार तिच्या आईच्या हातून करायचा, ही कल्पना माझीच. मावशी नवं लुगडं नेसून आली. हातात गुलाबाचं फूल, जणू जळतं काही धरलंय असं. गुरुजी म्हणाले, "भागरताबाई, दोन शब्द बोला." बोलायला तिला कधी आग्रह करावा लागला नव्हता. ती खुलली, पदर सावरून पुढे झाली.

"माही पोरगी," ती म्हणाली, "बाईनं तिले लगीत शिकवलं. मले तं काईच येत नाही, मी आपली…"

पुढच्या रांगेतून हसू फुटलं. माझ्या वर्गाचं हसू, मी शिकवलेलं. 'मले' ऐकलं की हसायचं, हे त्यांना पाठ होतं. त्यात वाईट काही नव्हतं त्यांच्या मनात. मावशीला वाटलं आपण काही गमतीचं बोललो, म्हणून तीही हसली आणि मुलांकडे पाहून पुन्हा म्हणाली, "खरंच सांगतो, मले…" हसू आणखी वाढलं.

तेव्हा कुसुम तिच्या बाजूला उभी राहून, लाल होत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, 'माही' नाही, 'माझी' म्हण. 'मला' म्हण."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हसून, कौतुकाने हलवली. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला द्यावी तशी शाबासकी दिली.

मावशीनेही माझ्याकडे पाहिलं होतं. ते मी पाहिलं आणि त्याच क्षणी विसरलेही, कारण खाऊ वाटायचा होता. तिने फूल लेकीच्या हातात दिलं आणि बायांमध्ये जाऊन बसली.

होळीच्या सुमाराची दुपार. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा तो गोड, डोक्यात चढणारा वास. कुसुम खेळायला गेली होती. मावशी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना मावशी."

"मलेबी शिकवा ना थे बोलनं."

"कोणतं?"

"कुसुम बोलते थे. साळेत मी आलो का पोरगी खाली पायते. तिच्या संग कोनी पोरी घरी आल्या का मले म्हनते, तू आत बस. तिची काई चुकी नाही. मीच शिकलो तं तिले बरं वाटन."

आज मी त्या दुपारकडे परत जाते तेव्हा माझ्या तोंडात शब्द ठेवून पाहते. मावशी, तुमच्या बोलण्यात काही वाईट नाही. मावशी, मीच चुकले, मी मुलीला समजावते. यातलं काहीही चाललं असतं. मला सुचलं असतं आणि मी गिळलं असतं, तर निदान स्वतःला भित्री म्हणता आलं असतं. पण मला ते सुचलंच नाही. मला आनंद झाला. गावातली एक बाई स्वतःहून शिकायला आली म्हणून आनंद झाला, आणि मी चटई पसरली.

"म्हणा, पाणी."

"पानी."

"ण. जीभ वर वळवा. पाणी."

"पानी… पाडी…" ती हसली. मीही हसले. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटून, मग एकदम उघडून म्हणाली, आणि पुन्हा 'न' आला. कपाळावर घाम. मग आम्ही 'मला' घेतलं, 'शाळा' घेतलं. 'मी जाते' म्हणताना ती लाजून लाल व्हायची, जणू दुसऱ्याच कुणा बाईचे दागिने अंगावर चढवले आहेत.

ती काही दुपारी आली. एक दिवस चटईवर न बसता दारातच उभी राहिली.

"राहू द्या जी बाई. बोलाच्या आदी इचार करा लागते, तं बोलनंच नाही होत."

मी म्हटलं, "सराव ठेवा, येईल." ती हव म्हणाली आणि मोहफुलं सावलीत ओढायला गेली.

त्यानंतर त्या घरात काय झालं, ते मला खूप उशिरा ऐकू आलं. ऐकू आलं ते असं की काहीच ऐकू येईना. एका सकाळी मला उशिरा जाग आली, कारण कोंबड्या मुकाट सुटल्या होत्या. चूल नुसती धुपत होती. जेवताना नवरा मान वर करून बायकोकडे पाहत होता, पुढचं वाक्य येईल म्हणून थांबत होता. कुसुम घरात असली की मावशी 'हव' आणि 'नाही' यांवर भागवायची. ती नसली की कधीमधी वासराशी दोन शब्द बोलायची, तेही हळू, दाराकडे पाहत. माझ्या खोलीचं दार उघडं दिसलं तर तेही नाही.

मी काय केलं? वर्गात कानाला हात लावणं बंद केलं. कुणी 'मले' म्हटलं तर पुढे चालू ठेवू लागले. पण हसायला शिकलेली मुलं माझ्याशिवायही हसत होती. कुसुमला एकदा जवळ घेऊन म्हटलं, "आईला असं बोलू नये गं." ती माझ्याकडे प्रामाणिक गोंधळाने पाहत म्हणाली, "पण बाई, चूक तर आहे ना?" त्या मुलीला मी कधी खोटं शिकवलं नव्हतं. 

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. बस सुटेपर्यंत मावशी खाली उभी होती. हातात अंबाडीच्या चटणीची बरणी. ती माझ्याकडे द्यायला वर हात केला, ओठ हलले, आणि मग तिने नुसता माझा हात दाबला.

कुसुम पवनीला शिकली, मग भंडाऱ्याला. ऐंशीच्या दशकात शिक्षिका झाली, लग्न होऊन जवाहरनगरलाच आली. नवरा कारखान्यात. तेव्हा माझे आईवडील अजून त्या वसाहतीत होते. एका उन्हाळ्यात मी आले असताना तिने मला चहाला बोलावलं. तसंच क्वार्टर, तोच सुटीचा भोंगा, सायकलींच्या घंट्या, संध्याकाळी पाणी मारलेल्या अंगणाचा वास. शेजारच्या दोघी बायका आल्या होत्या. आतल्या दाराशी, भिंतीला टेकून मावशी बसली होती. केस गेलेले, दात थोडे गेलेले. मला पाहून तिचे डोळे हसले.

गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी मावशीला विचारलं, "आजी, करमतं का इथे?" मावशीने मान डोलावली.

"आई पहिल्यापासून अबोल आहे," कुसुम बशीत चिवडा वाढत सहज म्हणाली. "स्वभावच आहे तिचा."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखर तसंच आठवत होतं. चुलीशी भांडणारी, रोवणीच्या ओळीला हसवून लोळवणारी माय तिच्या आठवणीतूनही पुसली गेली होती, आणि ते पुसणारा हात माझा होता. त्या खोलीत ती गोष्ट जाणणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मावशी.

बायका गेल्यावर मी मावशीच्या शेजारी जमिनीवर बसले. तिचा हात हातात घेतला.

"मावशी, काही बोला ना माझ्याशी. पहिल्यासारखं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द मोजूनमापून ठेवत, ती म्हणाली, "मी बरी आहे, बाई. तुम्ही कशा आहात? पाणी देऊ का?"

'ण' अगदी बरोबर आला होता.

त्यावर मी काय म्हटलं ते आठवत नाही. पाणी प्यायले असेन. काही वर्षांनी ती गेल्याचं पत्र आलं, नीटस, शुद्ध भाषेतलं, आणि मी सांत्वनाचं तसंच उत्तर धाडलं.

गाव ओळखू येत नाही. भाच्याने छपरीच्या जागी स्लॅब टाकला आहे. माझी खोली होती तिथे मोटारसायकल उभी असते. भाच्याच्या बायकोने नव्या तांदळाचा भात वाढला, वर तुरीच्या दाण्यांची भाजी. जेवण झाल्यावर मला आत पलंगावर पडायला सांगून कुसुम मागच्या अंगणात गेली. मंडईच्या भोंग्यांचा कल्ला चालला होता. डोळा लागतो न लागतो तोच मला आवाज ऐकू आला.

"काहून वं कुसमे, इतली बारीक काहून झाली? सासरी खाले नाही भेटत का?"

"खाऊन खाऊन तं आलो ना वं! मले काय होते? तू तुही सांग, पाय दुखून राहिले म्हने?"

मी उठून बसले. दुसरा आवाज कुसुमचा होता, पण कुसुमचा नव्हता. मोठा, मोकळा, वाक्याच्या टोकाला झोका घेणारा. शेजारची बाई काहीतरी म्हणाली आणि कुसुम हसली. पोटातून, धबधब्यासारखी. ते हसू मी बांधावर छत्री घेऊन उभी असताना ऐकलं होतं. ती तिची बालमैत्रीण असावी. कुण्या कोंबडीची, कुण्या जावेची गोष्ट सांगताना दोघींचे शब्द एकमेकांवर पडत होते. म्हणजे हे गेलं नव्हतं. मंडईच्या निमित्ताने वर्षातून एकदा ती यासाठी येत होती.

मला राहवलं नाही. मी मागच्या दाराशी गेले.

"…मंग मी त्याले म्हनलो का मले नोको सांगू…" कुसुम हात हवेत नाचवत बोलत होती. तिने मला पाहिलं. हात खाली आला. "मला नको सांगू, असं म्हणाले मी त्याला," तिने वाक्य पुरं केलं. शेजारच्या बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सरळ होऊन बसली.

"बाई, झोप नाही झाली?" कुसुमने विचारलं. "काही हवं आहे का?"

 दोघीही माझ्याकडे पाहत होत्या, वर्गात पाहतात तशा.

बोल गं, थांबू नकोस, असं म्हणावंसं वाटलं. पण माझ्या तोंडून ते आलं असतं तर तीही एक आज्ञाच झाली असती, आणि कुसुमने ती नीट, मन लावून पाळली असती.

"माझा चष्मा गाडीत राहिला," मी म्हटलं.

"मी आणते ना."

"नाही, तू बस. मीच जाते. जरा वेळ लागेल मला."

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. मी घराला वळसा घालून रस्त्यावर आले, गाडीत जाऊन बसले, दार आवाज न करता ओढून घेतलं. थोडा वेळ नुसते भोंगेच ऐकू येत होते. मग घराच्या मागून आधी एक आवाज आला, मग दुसरा, आणि मग दोन्ही एकदम.

मी काच पुरती खाली केली आणि त्यांचं संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.